बाबांच्या मुतखड्याला मशीनचे शॉक द्यायचे की नाही? किडनीला मार बसतो म्हणतात, ते कितपत खरं?

पत्र:

डॉक्टर नमस्कार, मी जळगावहून लिहितेय. बाबा ६१ वर्षांचे आहेत, उजव्या किडनीत ९ मिमीचा खडा निघालाय, सीटी स्कॅन झालाय. बीपी आणि शुगर दोन्ही आहे, गोळ्या चालू आहेत. दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली तेव्हापासून रक्त पातळ व्हायची गोळी पण आहे. युरॉलॉजिस्ट म्हणाले शॉक वेव्हने फोडू, कापाकापी नाही, संध्याकाळी घरी. पण मोठे काका म्हणतात त्याने किडनीला मार बसतो, आत रक्त साकळतं, त्यांच्या ओळखीच्या एकाला नंतर बीपी लागलं आणि शुगर पण. आई घाबरलीय, ती म्हणते कुळथाचं कढण आणि पानफुटीची पानं देऊन बघू. नक्की काय करायचं? आणि मला स्वतःला पण ५ मिमीचा खडा आहे, काही त्रास नाही, पण आता बाळाचा विचार चाललाय. मी काय करू?
– एक मुलगी, जळगाव

उत्तर:

ताई, काका जे म्हणतात त्यात खरं आहे. उगाच "काही होत नाही हो, एकदम सेफ आहे" असं मी सांगणार नाही, कारण तसं सांगून पेशंटला टेबलावर घेतलं आणि दुसऱ्या दिवशी लघवी लाल झाली की घरचे हादरतात आणि मग कुणावरच विश्वास राहत नाही. शॉक वेव्हने किडनीला इजा होते. बहुतेक वेळा ती छोटी असते आणि भरून येते, पण कुणाला किती होईल हे बरंचसं आधीच्या तयारीवर आणि मशीन कसं चालवलंय त्यावर ठरतं, आणि यातलं बरंच तुमच्या हातात आहे.

सगळ्यात आधी रक्त पातळ व्हायच्या गोळीचं बघू. पत्रात तुम्ही ते जाता जाता एका वाक्यात लिहिलंय, पण माझ्या दृष्टीने अख्ख्या पत्रात तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. ती गोळी ॲस्पिरिन आहे की क्लोपिडोग्रेल की दोन्ही एकत्र, हे स्ट्रिपवर बघा आणि युरॉलॉजिस्टना स्ट्रिपच दाखवा, तोंडी सांगू नका. ओपीडीत मी रोज बघते, "अजून काही गोळ्या चालू आहेत का" विचारलं की पेशंट बीपीची सांगतो, शुगरची सांगतो, आणि हार्टवाल्या डॉक्टरांनी दिलेली छोटी पांढरी गोळी राहून जाते कारण ती रात्री जेवणानंतर बायको हातात ठेवते आणि यांना तिचं नावच माहीत नसतं. ही गोळी चालू असताना किडनीवर शॉक दिले तर आतला रक्तस्राव लवकर थांबत नाही. म्हणून सहसा ती ५ ते ७ दिवस आधी थांबवतात, प्लेटलेटचं (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशींचं) आयुष्य ७ ते १० दिवसांचं असतं, तेवढ्यात बऱ्याचशा नव्या तयार होतात.

पण, आणि हे आईला आणि काकांना पण वाचून दाखवा, गोळी आपल्या मनाने एक दिवससुद्धा बंद करायची नाही. आत स्टेंट आहे, म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी. थांबवायची का आणि किती दिवस, हे ज्यांनी अँजिओप्लास्टी केली किंवा आता जे हार्टचे डॉक्टर बघतायत ते सांगतील, आणि तेही कागदावर लिहून घ्या. दोन वर्षं झालीत म्हणजे कदाचित हो म्हणतील, कदाचित नाही म्हणतील. नाही म्हणाले तर शॉक वेव्हचा विषय तिथेच संपला, त्यावर वाद घालू नका. मग दुर्बीण घालून लेझरने खडा फोडायचा मार्ग आहे, आरआयआरएस म्हणतात त्याला, लघवीच्याच वाटेने जातात, कुठे चिरा नाही, भूल मात्र द्यावी लागते. ते ॲस्पिरिन चालू ठेवून पण करता येतं. आणि हो, शॉकच्या आधीच्या आठवड्यात कंबर दुखली म्हणून मेडिकलमधून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकवाल्या गोळ्या आणून देऊ नका, त्याही प्लेटलेटचं काम बिघडवतात, बीपी-शुगरवाल्या किडनीला त्या तशाही चांगल्या नाहीत. दुखलंच तर डॉक्टरांना फोन करून विचारा काय द्यायचं.

आता काकांचा मुद्दा, आत नेमकं होतं काय. अंगातून करंट वगैरे जात नाही. ही दाबाची लाट असते, बाहेर मशीनमध्ये तयार होते, पाण्याच्या पिशवीतून आणि जेलमधून अंगात शिरते आणि खड्यावर एकवटते. एका क्षणात दाब हवेच्या दाबाच्या कित्येकशे पट वर जातो आणि लगेच शून्याच्याही खाली येतो, म्हणजे आधी दाबलं जातं आणि मग ओढलं जातं. दाबाने खड्याला आतून तडे जातात. ओढ बसते तेव्हा आजूबाजूच्या पाण्यात बारीक बुडबुडे होतात आणि ते फुटताना खड्याचा पृष्ठभाग कुरतडतात. खडा फुटतो तो या दोन्हींनी मिळून.

पण लाटेला खडा कुठला आणि किडनी कुठली हे कळत नाही ना. खड्याच्या आजूबाजूची किडनी पण त्याच टप्प्यात येते, आणि तिच्यातल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांमध्ये पण तेच बुडबुडे होतात. बुडबुडा फुगला आणि फुटला की त्या वाहिनीची भिंत फाटते आणि थोडं रक्त बाजूच्या पेशींमध्ये झिरपतं. लघवी लाल होते ती मुख्यतः यामुळे, आणि ती जवळजवळ प्रत्येकाची होते. एक-दोन दिवसांत साफ होते. जिथे रक्त झिरपलं तिथली सूज उतरते, बरीचशी जागा भरून येते, थोड्या भागात बारीक व्रण राहू शकतो. त्या वेळी किडनीचा रक्तपुरवठा पण काही काळ कमी होतो आणि मग परत नीट होतो. दोन्ही किडन्या चांगल्या असलेल्या माणसाला एवढ्याने फरक पडत नाही. किडनी एकच असेल किंवा आधीच क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ताची तपासणी) वाढलेलं असेल तर मात्र आम्ही जास्त विचार करतो, म्हणून बाबांचं क्रिएटिनिन ताजं करून घ्या, सहा महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट चालणार नाही.

काका म्हणतात ते रक्त साकळणं म्हणजे किडनीच्या आवरणाखाली किंवा बाजूला रक्ताची गाठ होणं. शॉकनंतर प्रत्येकाचा सीटी किंवा एमआरआय केला तर छोट्या छोट्या गाठी बऱ्याच जणांत दिसतात, पण त्रास व्हावा, ॲडमिट करावं लागावं अशी गाठ शंभरात एकालाही होत नाही. आणि होते ती कुणाला? बीपी कंट्रोलमध्ये नसलेल्यांना, रक्त पातळ व्हायची गोळी चालू असलेल्यांना, वय जास्त असलेल्यांना. बाबांच्या बाबतीत या तिन्हीतलं थोडं थोडं आहे, म्हणून मी एवढी मागे लागलेय. बीपीची गोळी त्या दिवशी सकाळी पण घ्यायची (उपाशी असले तरी घोटभर पाण्याबरोबर, डॉक्टरांना विचारून), आणि टेबलावर घ्यायच्या आधी बीपी १६०-१७० वगैरे निघालं तर त्या दिवशी शॉक नाहीत, घरी यायचं, बीपी नीट करून परत जायचं. एक दिवस वाया गेला, रजा वाया गेली असं अजिबात वाटून घेऊ नका.

आता मशीन चालवण्याबद्दल, कारण हे पेशंटला कुणी सांगतच नाही. ही ट्रीटमेंट आली जर्मनीतून, विमानं बनवणारी डॉर्निए कंपनी आवाजापेक्षा वेगाने जाणाऱ्या विमानांना पावसाच्या थेंबांनी काय होतं त्याचा अभ्यास करत होती, त्यातून हे निघालं आणि फेब्रुवारी १९८० मध्ये म्युनिकला पहिल्या पेशंटवर वापरलं. तेव्हा पेशंटला पाण्याच्या टबमध्ये बसवायचे. लोकांना वाटतं जुनं मशीन डेंजर आणि नवीन म्हणजे सेफ. तसं सरळ नाहीये. नवीन मशीनचा मारा अरुंद जागेवर आणि त्या जागी दाब जास्त, त्यामुळे दुखतं कमी, पण निशाणा थोडा हलला की तो जास्त दाब सरळ किडनीच्या मांसावर. म्हणून मशीन कुठल्या कंपनीचं हे विचारण्यापेक्षा ते चालवतात कसं ते विचारा.

पहिली गोष्ट वेग. मिनिटाला १२० शॉक देता येतात आणि ६० पण देता येतात. ३००० शॉक द्यायचे तर १२० च्या वेगाने २५ मिनिटांत काम होतं आणि ६० च्या वेगाने ५० मिनिटं लागतात, मग बाहेर लाईन लागलेली असली की कुठे घाई होते ते तुम्हाला समजेल. पण हळू दिले तर खडा जास्त चांगला फुटतो (आधीच्या शॉकचे बुडबुडे विरायला वेळ मिळतो, नाहीतर पुढची लाट त्यातच अडकते) आणि किडनीला इजा पण कमी होते, दोन्हीकडून फायदाच. दुसरी गोष्ट ताकद. सुरुवात कमी ताकदीवर करायची, पहिले काही शॉक हलके, मध्ये दोन-चार मिनिटं थांबायचं, मग हळूहळू वाढवायचं. हलक्या शॉकनी किडनीच्या रक्तवाहिन्या आधीच आवळून घेतात आणि मग मोठे शॉक बसतात तेव्हा रक्त कमी झिरपतं. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात डुकरांवर यावर वर्षानुवर्षं काम झालंय (डुकराची किडनी आपल्यासारखीच असते), तिथे नेहमीच्या पद्धतीने किडनीच्या साधारण ५ टक्के भागात रक्तस्राव दिसायचा, तो नुसता वेग कमी करून किंवा आधी हलके शॉक देऊन १ टक्क्याच्याही खाली आला. तेच मशीन आणि तेवढेच मोठे शॉक. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण यात एक रुपया जास्त लागत नाही, फक्त वेळ द्यावा लागतो.

तिसरी गोष्ट, खडा जागचा हलतो. श्वास घेतला की किडनी दोन-तीन सेंटीमीटर खाली-वर होते आणि खडा तिच्याबरोबर. पेशंटला दुखत असेल, घाबरला असेल, तर तो जोरजोरात श्वास घेतो, अंग आक्रसून घेतो, मग निम्मे शॉक खड्याला लागतच नाहीत, ते लागतात किडनीला. त्यामुळे बाबांना "थोडं सहन करा" म्हणून चालणार नाही, दुखण्याचं इंजेक्शन किंवा हलकी गुंगी नीट द्यायला सांगा, हार्टची हिस्टरी आहे म्हणून भूलतज्ज्ञ हजर असलेले बरे. आणि मध्ये मध्ये एक्स-रे किंवा सोनोग्राफीवर खडा निशाण्यावर आहे का ते बघत राहायला हवं, सुरुवातीला एकदा बघितलं आणि मग तासभर मशीन आपलं ठकठक चालू, असं नको. जेल लावताना पण बघायचं असतं, कातडी आणि पिशवीच्या मध्ये हवेचे बुडबुडे राहिले तर लाट तिथेच अडते, मग खडा फुटत नाही म्हणून ताकद वाढवतात, शॉक वाढवतात. चांगला टेक्निशियन जेलचा मोठा गोळा मध्यभागी ठेवतो आणि पिशवी हळूच दाबून तो पसरू देतो, हाताने फासत नाही.

तर डॉक्टरांना नम्रपणे विचारा, वेग किती ठेवणार, सुरुवात हलक्या शॉकने करणार का, आणि एका वेळी जास्तीत जास्त किती शॉक. चिडले तर चिडले, पण बरेचसे डॉक्टर उलट खूश होतात की कुणीतरी वाचून आलंय. पहिल्या वेळी नाही फुटला तर लगेच चार दिवसांनी परत नको, किडनीला सावरायला दोनेक आठवडे द्या. आणि दोनदा करूनही खडा तसाच असेल तर तिसऱ्यांदा हट्ट न करता दुर्बिणीकडे वळा.

बीपी आणि शुगरचं जे काका म्हणाले ते त्यांनी हवेतून आणलेलं नाही. अमेरिकेत मेयो क्लिनिकने १९८५ मध्ये शॉक वेव्ह घेतलेल्या पेशंटना १९ वर्षांनी परत गाठलं, २००६ मध्ये ते छापून आलं, त्यात बीपी आणि डायबेटिस दोन्ही जास्त दिसले, त्यावरून जगभर खळबळ झाली. कारण असं सुचवलं की स्वादुपिंड किडनीच्या जवळच असतं, त्याला पण मार बसत असेल. पण ते टबवालं जुनं मशीन होतं आणि माहिती पेशंटकडून फॉर्म भरून घेतलेली होती. नंतर त्याच मेयोच्या लोकांनी आपल्या आजूबाजूच्या अख्ख्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, नोंदी तपासल्या तेव्हा २०११-१२ मध्ये त्यांनाच हा संबंध सापडला नाही. मग २०१६ मध्ये ब्रिटनच्या नोंदींवरून एक अभ्यास आला, त्यात बीपीशी थोडा संबंध परत दिसला. आता मुतखडा होणाऱ्या माणसाला मुळातच बीपी, शुगर, वजन यांचा धोका जास्त असतो, मशीन लावा नाहीतर नका लावू, त्यामुळे काकांच्या ओळखीच्या माणसाला ते कशाने लागलं हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. माझं मत विचाराल तर शुगरची भीती मी काढून टाकली आहे, बीपीची पूर्ण काढलेली नाही, म्हणून शॉक घेतलेल्या प्रत्येकाला मी वर्षातून एकदा तरी बीपी बघायला सांगते. बाबांना दोन्ही आधीपासूनच आहे, तेव्हा नवीन काही लागण्यापेक्षा आहे ते वाढत नाही ना एवढंच बघायचं, आणि ते तुम्ही तसंही बघणारच.

खडा तरी शॉकने फुटण्यासारखा आहे का हे सीटीच्या रिपोर्टमध्येच असतं. हाउन्सफील्ड म्हणून एक आकडा लिहिलेला असेल, हजाराच्या खाली असेल तर खडा त्या मानाने मऊ, हजाराच्या बराच वर असेल तर दगड, उगाच शॉक खात बसेल. खडा किडनीच्या अगदी खालच्या कप्प्यात असेल तर फुटला तरी चुरा वर चढून बाहेर पडायला त्रास होतो. पोट सुटलेलं असेल, कातडीपासून खड्यापर्यंत १० सेंटीमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर लाट पोचेपर्यंत कमजोर पडते. ९ मिमी साइज तशी शॉकसाठी चांगली आहे, पण हे तीन बघा. आणि खडा एक्स-रेवर दिसतच नसेल, युरिक ॲसिडचा असेल, तर तो फोडायचीच गरज नाही कदाचित, लघवीचा आम्लपणा कमी करणाऱ्या औषधाने असे खडे विरघळतात. शुगरवाल्यांमध्ये हे खडे जास्त दिसतात, तेव्हा हा प्रश्न नक्की विचारा.

लघवीचं कल्चर आधी करून घ्या, साधी तपासणी नाही, कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघतात ती, रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. खड्यात जंतू दडलेले असतील आणि खडा फोडला तर ते मोकळे सुटतात, शुगर असलेल्या माणसात ते रक्तात पसरायला वेळ लागत नाही. इन्फेक्शन असेल तर आधी औषध, मग शॉक.

घरी आणल्यावर लघवी एक-दोन दिवस गुलाबी-लाल, पाठीवर लाल ठिपके, थोडं दुखणं, हे चालतं. थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजता पण हॉस्पिटल गाठा. पाठीत दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत चाललंय, उभं राहिलं की चक्कर येतेय, चेहरा पांढरा पडलाय, तर रक्त साकळल्याची शंका, लगेच सोनोग्राफी. लघवीत रक्ताच्या गुठळ्या, किंवा लघवी बंद, तेही तसंच. चुरा उतरताना मूत्रवाहिनीत एकामागे एक अडकून रांग लागते कधी कधी, ९ मिमीच्या खड्यात ते कमी होतं पण होतं, आणि ते न दुखता पण होऊ शकतं, म्हणून "बरं वाटतंय" म्हणून दोन-तीन आठवड्यांनंतरचा एक्स-रे आणि सोनोग्राफी चुकवू नका. लघवी गाळून जे तुकडे मिळतील ते कोरड्या डबीत ठेवा आणि लॅबला द्या, खडा कशाचा हे कळलं तर पुढचा टाळता येतो.

आईंना सांगा, कुळथाचं कढण जरूर द्या, बाबांना आवडत असेल तर छानच, पातळ पदार्थ पोटात जातोय, फक्त मीठ कमी टाका. पण ९ मिमीचा खडा कढणाने किंवा पानफुटीने फुटेल म्हणून दोन-तीन महिने थांबू नका, तेवढ्यात खडा तोंडाशी अडकून किडनी फुगली तर जे नुकसान होईल ते शॉकच्या इजेपेक्षा मोठं असतं. दिवसभरात अडीच लिटर लघवी व्हावी इतकं पाणी, जळगावच्या मे महिन्यात त्यासाठी साडेतीन-चार लिटर पण प्यावं लागेल, पण हार्टच्या डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलं असेल तर तो आकडा त्यांना विचारूनच. दूध-दही बंद करू नका, कॅल्शियम कमी केल्याने खडे उलट वाढतात.

आणि तुमचं. प्रेग्नन्सीत शॉक वेव्ह अजिबात चालत नाही, म्हणून पाळी एक दिवस जरी चुकली असेल तर आधी टेस्ट, मग बाकी सगळं. ५ मिमीचा न दुखणारा खडा एरवी आम्ही नुसता बघत राहतो. पण प्रेग्नन्सीत तो सरकला तर फार पंचाईत होते, सीटी सहसा करत नाहीत, बरीच औषधं देता येत नाहीत, कधी कधी नळी टाकून ती दर काही आठवड्यांनी बदलत बसावं लागतं. म्हणून प्रयत्न सुरू करायच्या आधी युरॉलॉजिस्टना स्पष्ट सांगा की बाळाचा विचार आहे, खडा कुठल्या कप्प्यात आहे ते बघून आधीच काढून टाकायचा का ते ठरवा. शॉक घ्यायचं ठरलंच तर पाळी आल्यानंतरच्या पहिल्या आठवड्याची तारीख घ्या, आणि चुरा पूर्ण पडल्याचं सोनोग्राफीत दिसेपर्यंत प्रयत्न पुढे ढकला.